दिग्गीहून परत येणारा कोट

रामनगरच्या आठवडी बाजारात अनुसया जुने कपडे विकायची. सुरुवातीला ती कुणाचाही कपडा परत घेत नसे. त्या बाजारात परत घ्यायची रीतच नव्हती. पैसे एकदा विकणाऱ्याच्या कमरेला गेले की गिऱ्हाइकानं आपली वाट धरायची. नवा माल विकणारे असे वागत, मग जुन्या कपड्यांची कोण काय तक्रार करणार?

माल मात्र ती चांगला आणायची. गणेशगुडीच्या धरणाचं काम सरत आलं होतं आणि तिथल्या नोकरदारांच्या वसाहतीतली कुटुंबं एकेक करून बदलीच्या गावी निघाली होती. जाताना ओझं नको म्हणून ती मंडळी कपडे काढून टाकत. अनुसया स्टीलचे डबे, पातेली घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची आणि बदल्यात कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन यायची. घरी आली की रिठ्याच्या पाण्यात कपडे भिजत घालायची, तुटलेली बटणं लावायची, उसवलेल्या बगला शिवायची आणि कोळशाच्या इस्त्रीनं असे कडक करायची की कपडा पहिल्यांदा कुणाच्या अंगावर होता हे तो स्वतःसुद्धा विसरावा. तिचा नवरा पुंडलिक लाकडाच्या डेपोत कामाला होता. दोघंही मूळची खानापूर भागातली. पुंडलिक सावध माणूस. बायकोचा धंदा त्याला पसंत होता, पण मोठ्यानं तसं म्हणायची त्याला सवय नव्हती.

परत घेण्याची रीत सुरू झाली ती फुलामुळं.

फुला दिग्गीची. तिनं एका बाजाराला तान्ह्या लेकरासाठी तांबडा लोकरी स्वेटर नेला आणि पुढच्या बाजाराला तोच स्वेटर घेऊन हजर झाली. लेकराचं डोकं गळ्यातून आत जात नव्हतं. दिग्गी म्हणजे रानाच्या पार आत. तिथून निघायचं तर अंधारातच चालायला लागावं लागतं, तेव्हा कुठं बस मिळते.

"डोकं मोठं हाय त्येला मी काय करू?" अनुसया म्हणाली. "आमच्यात परत घेत न्हाईत, तंगी." त्या कानडी मुलखात धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

फुलानं वाद घातला नाही. मांडलेल्या कपड्यांच्या शेजारी, मोकळ्या जागेत ती बसली आणि स्वेटर मांडीवर ठेवला. गिऱ्हाईक आलं की ती त्याला शांतपणे सांगायची, "बाई लई चांगली हाय. शिवणबी चांगली. पर परत घेत न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. माहिती द्यावी तशी ती सांगत होती. ऐकलेलं गिऱ्हाईक हातातला सदरा खाली ठेवून पुढं जायचं.

अनुसयानं तिला उठवायचा प्रयत्न केला. फुला म्हणाली, "बसची वेळ व्हईस्तोवर बसतो, अक्का. मला दुसरं काम न्हाई."

दुपारपर्यंत अनुसयाचा एकही कपडा खपला नाही. शेवटी तिनं कमरेची पिशवी सोडली आणि स्वेटरचे पैसे फुलाच्या हातावर ठेवले. फुलानं पैसे पदरात बांधले, उठली, आणि बस येईपर्यंत सगळ्या बाजारभर सांगत फिरली की त्या तिकडची कपडेवाली परत घेते. संध्याकाळी अनुसयाचं अर्धं बोचकं रिकामं झालं होतं.

घरी जाताना अनुसयानं याचा विचार केला. लोक कपडा घ्यायला भीत नव्हते, फसायला भीत होते. परत देता येतं म्हटल्यावर तेच लोक हात सैल सोडत होते. पुढच्या बाजारापासून ती स्वतःच सांगू लागली, "न्हाई पटलं तर फुडल्या बाजाराला आण. पैसे परत. फकस्त धुवायचा न्हाई आन् धुराचा वास न्हाई आला पायजे." धुराची अट तिनं मुद्दाम घातली होती. डोंगरातल्या घरांतून चूल सतत पेटलेली असते. कपडा अंगात घालून माणूस दोन रात्री घरात झोपला की धूर सुतात शिरतो. नाकाला लावला की कळतं.

पुंडलिकला हे मुळीच पटलं नाही. "इकल्यालं परत घ्यायचं? ह्येला धंदा म्हनत्यात व्हय? उद्या झाडं तोडल्याली परत चिकटवून मागतील डेपोत."

परत येणारे कपडे मात्र अनुसयाच्या अंदाजापेक्षा कमी होते, आणि त्यांच्याबरोबर येणारी कारणं ऐकण्यासारखी असायची. एकानं खाकी सदरा परत आणला. तो घालून घरी निघाला, तर वाटेत सरपण आणणाऱ्या बायका मोळ्या टाकून झाडीत पळाल्या. त्यांना वाटलं फॉरेस्टचा गार्ड आला. घरी पोचला तर स्वतःचं कुत्रंही अंगावर धावलं. "बाकी सदरा झकास हाय," तो म्हणाला, "पर माझी मला भीती वाटाय लागली." अनुसयानं हसत पैसे दिले आणि त्याला निळा सदरा दाखवला. तो त्यानं ठेवून घेतला.

मग तो कोट आला.

वसाहतीतल्या एका साहेबाच्या बायकोनं तो दिला. काळा, जाड कापडाचा, आतून रेशमी अस्तर आणि पुढं पितळी बटणं. साहेब आता त्यात मावत नव्हते. अनुसयानं बटणं चिंचेनं घासली, कोट काठीला टांगला आणि बाजारात सगळ्यांत वर उभा केला. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत. किंमत ऐकून पुढं जात.

उन्हाळ्याच्या तोंडाला कान्हू नावाचा एक तरणा गडी आला. तोही दिग्गीकडचा. त्यानं फार घासाघीस न करता कोट घेतला आणि पुढच्या बाजाराला परत आणला.

"बाही आखूड पडती," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

अनुसयानं कोट नाकाला लावला. धुराचा वास नव्हता. पैसे दिले.

त्याच दिवशी दुपारी परशू आला, कान्हूच्याच गावचा. त्यानं कोट नेला. पुढच्या बाजाराला परत.

"खांद्यात ढिला हाय."

धूर नाही, मळ नाही, घडी तिच्यासारखीच नीट. पैसे दिले. मग धाकलू आला. त्यानं नेला आणि आणून सांगितलं की फार गरम होतं. हे कारण खरं असणार, कारण वैशाख चालू होता. तरीही घरी गेल्यावर अनुसयानं कोट उलटा केला आणि नीट पाहिला. अस्तराच्या शिवणीत हळदीची एक पिवळी रेघ होती. आतल्या खिशातून तांदळाचे चार दाणे पडले, कुंकवात रंगवलेले.

ती तशीच दाणे हातात घेऊन बसली. पुंडलिकनं ते पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर सणासारखा आनंद आला.

"एकाला आखूड, एकाला ढिला," तो म्हणाला. "कोट त्योच हाय न्हवं? अख्खी दिग्गी तुझ्या कोटात लगीन लावून घ्यायलीया, फुकट. आन् तू वास घेत बस."

अनुसयाला राग आला. लोक फसवतात याचा जेवढा आला, त्याहून जास्त पुंडलिक बरोबर निघाला याचा आला. त्या रात्री तिनं भाकरी जरा जोरातच थापल्या.

पुढच्या बाजाराला झिलू नावाचा पोरगेला नवरा मुलगा कोटासमोर उभा राहिला. नवं मुंडासं, नुकतीच केलेली हजामत.

"लगीन कवा हाय?" अनुसयानं सरळ विचारलं.

झिलू लाजला आणि दिवस सांगून मोकळा झाला. ती कोटाबद्दल विचारत नव्हती, लग्नाबद्दल विचारत होती, त्यामुळं लपवायचं काही असतं हे त्याच्या लक्षातच आलं नाही. अनुसयानं कोट बांधून दिला.

लग्नादिवशी ती पहाटेच्या बसनं दिग्गीला निघाली. पुंडलिकनं बरोबर यायची तयारी दाखवली, पण ती नको म्हणाली. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. मांडवात सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, ह्यो कोट कुणाचा? फाट्यावर उतरून ती रानवाटेला लागली. चढ, ओढा, पुन्हा चढ. ओढ्यात पाणी गुडघ्याएवढं होतं. लुगडं वर खोचून पार होताना तिच्या मनात आलं की कोट या पाण्यातून तीन वेळा आला-गेला आणि एकदाही भिजला नाही. कसा नेत असतील? मग ती स्वतःवरच चिडली, कारण तिला राग टिकवून न्यायचा होता.

गावाच्या तोंडाला तिला पहिल्यांदा फुलानं पाहिलं.

"अक्का आली," फुला ओरडली. "कोटवाली अक्का आली."

पुढं जे झालं त्याला अनुसया तयार नव्हती. बायका धावत आल्या, कुणी पायावर पाणी घातलं, कुणी हातातली पिशवी घेतली. तिला मांडवात नेऊन घोंगडीवर बसवलं, नवरदेवाच्या मामीच्या शेजारी. कोकमाचं सरबत आलं. समोर झिलू बाशिंग बांधून, अनवाणी, त्या काळ्या कोटात ताठ उभा होता. कोट त्याला खांद्यात खरंच थोडा ढिला होता. पण पितळी बटणं उन्हात अशी चमकत होती की नवरीनंसुद्धा मान वर करून दोनदा बघून घेतलं. अनुसयानं जुळवून आणलेलं वाक्य कुठं गेलं ते तिला सापडेना. अक्षता तिच्याही हातात दिल्या होत्या. त्या तिनं टाकल्या.

अक्षता पडल्या आणि एक म्हातारी पुढं झाली. ती झिलूची आजी, पारू. तिनं नवरदेवाचा कोट तिथंच काढायला लावला, झटकला, धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि एका माणसाच्या हातात दिला. तो माणूस देवळाच्या दिशेनं चालू लागला.

"कुठं नेलाय कोट?" अनुसयानं विचारलं.

"देवळात," पारू म्हणाली. "तिथं चूल न्हाई. धुराचा वास लागला तर तू परत घेनार न्हाईस, म्हनून."

आता तरी बोलायला हवं, असं अनुसयाला वाटलं. तिनं आवाज जमेल तेवढा कडक केला. "म्हंजे कोट परत येणार."

"येणार की गो बाय. तूच सांगितल्यालंस न्हवं, न्हाई पटलं तर परत आण?"

"न्हाई पटलं तर म्हनलं हुतं. ह्यो तर सगळ्यांस्नी पटल्यालाच हाय."

"लग्नादिशी पटतो," पारू म्हणाली. "दुसऱ्या दिशी न्हाई पटत. कोट घालून नांगर धरायचा व्हय?"

आजूबाजूच्या बायका हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं म्हातारी साधी खरी गोष्ट सांगत होती. अनुसयाला मात्र हसू येऊ लागलं आणि ते दाबता दाबता तिचा कडक आवाज गेला तो गेलाच.

तरी ती धंदेवाली बाई होती. तिनं सांगितलं की यापुढं कोट परत घेताना थोडे पैसे ती कापून घेणार. वापरल्याचे म्हणून.

पारूनं तंबाखूची चिमूट दाढेला लावली आणि विचार केला. "काप. पर मग कोट येक दीस आमचा झाला. आमचा झाला म्हंजे नवरदेव त्यातच जेवायला बसणार. पोरं त्याला लोंबकळणार. रात्री नाचताना दारूबी सांडणार. कोण कुणाला आडवणार? पैसे मोजल्यात न्हवं. आता कोट तुझा हाय, म्हनून त्याला कोण बोट लावत न्हाई. वड्यातनं नेताना माणूस भिजतो, कोट न्हाई भिजत. डोक्यावर घेऊन जात्यात, देव नेल्यासारखा."

अनुसयाला ओढ्यातलं गुडघाभर पाणी आठवलं. म्हातारीचा हिशेब उलटासुलटा करून पाहिला तरी बरोबरच येत होता. पूर्ण पैसे परत मिळणार म्हणून कोट नव्यासारखा राहत होता. परत न घेण्याच्या बोलीवर विकला असता तर एका घरात खुंटीला लटकून काळाचा पांढरा झाला असता.

"पर मला काय मिळालं त्यातनं?" तिनं विचारलं.

हा प्रश्न पारूला रास्त वाटला. तिनं फुलाला बोलावलं, फुलानं आणखी दोघींना बोलावलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून बोलणी झाली. तेवढ्यात फुलानं एक गोष्ट विचारली, आणि पुढं अनुसयाचा धंदा चालला तो त्या प्रश्नावरच.

"बोचकं का न्हाई आनलंस, अक्का?"

"लग्नाला कोण बोचकं आनतंय?"

"आनायचं. बाजारात आमाला अंगात घालून बघता येत न्हाई. सगळी माणसं बघत असत्यात. तिथं डोळ्यानं मापायचं आन् हितं येऊन कळतं की डोकं जात न्हाई. हितं घालून बघितलं असतं तर सोटर परत कशाला आनला असता मी? दोन दीस गेल्ते माझे त्यात."

अनुसयानं फुलाकडं पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं की कपडे परत येतात कारण माणसांचं मन बदलतं. मन फारसं कुणाचं बदलत नव्हतं. माप चुकत होतं.

मग ठरलं. कोट परत येईल, पैसे पूर्ण मिळतील. पण ज्याच्या घरी लग्न असेल त्यानं अनुसयाला निमंत्रण द्यायचं आणि फाट्यापासून तिचं बोचकं आपल्या माणसाकरवी उचलून न्यायचं. पंगत उठली की अंगणात तिनं कपडे मांडायचे. घरात आडोशाला जाऊन बायकांनी झंपर घालून बघायचे, पुरुषांनी परसात सदरे घालून बघायचे. बसतील ते घ्यायचे. कोटाच्या वापरापोटी लग्नघरानं जे रानात असेल ते द्यायचं. त्या दिवशी झिलूच्या घरानं तिला कणगांची, म्हणजे रताळ्यासारख्या कंदांची, टोपली आणि बाटलीभर मध दिला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पुंडलिक दारातच होता. "काय झालं? कोट आनलास?"

"कोट न्हाई आनला. कणगं आनल्यात," ती म्हणाली आणि टोपली त्याच्या हातात देऊन आत गेली. कणगं उकडून, मीठ लावून खाताना तिनं त्याला सगळं सांगितलं. पुंडलिकनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तू भांडायला गेल्तीस," तो म्हणाला. मग बोट चाटून म्हणाला, "मध चांगला हाय."

त्यानंतर कित्येक उन्हाळे अनुसया लग्नं गाठत हिंडली. दिग्गीची झाली, मग आसपासच्या गावांतूनही बोलावणी येऊ लागली. तिच्या बोचक्यात आता कुणाच्या घरात कोण कसं अंगानं आहे त्याप्रमाणे कपडे असायचे. येताना हातात कधी सुकवलेलं कोकम, कधी हरभऱ्याएवढी मिरी. परत येणारे कपडे जवळजवळ थांबलेच. कोट मात्र येत राहिला आणि जात राहिला. एकदा अस्तर विरलं तेव्हा तिनं एका जुन्या साडीच्या पदराचं नवं घातलं. तांबडं. नवरदेवांना ते जास्त आवडलं.

पुढं पोरं टेरिकॉटच्या पँटी शिवून घेऊ लागली आणि कोटाची मागणी ओसरली. शेवटी कॅसलरॉकच्या नाटकवाल्या मंडळींनी तो इन्स्पेक्टरच्या कामासाठी नेला. त्यांनी परत आणला नाही आणि अनुसयानंही मागितला नाही. कुणाला तरी तो पटला, एवढं तिनं घरी सांगितलं.

डेपोतलं काम कमी झालं तसा पुंडलिक बाजारात तिच्या शेजारी बसू लागला. त्याची भाषा कडक. "घेताना बघून घ्या. मागनं तोंड वाईट करून येऊ नका," असं तो प्रत्येकाला ऐकवायचा आणि अनुसया त्याच्या पाठीमागून गिऱ्हाइकाला मान हलवून खुणावायची की ये, घेते मी परत.

एका बाजाराला ती माल बघायला बेळगावला गेली होती. पुंडलिक एकटाच होता. रात्री हिशेब सांगताना तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. सकाळी अनुसयानं बोचकं उघडलं तर त्यात रेघांचा एक सदरा होता. तो तिनं महिन्यापूर्वी एका म्हाताऱ्याला विकला होता. तिनं नाकाला लावला. धुराचा असा वास आला की तिला शिंक आली.

"ह्यो कुनी परत घेतला?"

पुंडलिक अंगणात दात घासत होता. त्यानं आधी चूळ भरली.

"त्यो म्हातारा आला हुता," तो म्हणाला. "म्हनला, घातला आन् पाण्यात बघितलं की मेल्याला भाऊ दिसतोय. भावाचा असाच हुता म्हनं. घालवंना झालाय त्येला." मग तांब्या खाली ठेवून म्हणाला, "धुराचं बोललो मी. न्हाई असं न्हाई."

"काय बोलला?"

"म्हनलं, धुराचा वास येतोय."

"मग?"

"त्यो म्हनला, व्हय, येतोय." पुंडलिकनं तोंड पुसलं. "खरंच बोलला की त्यो. मग काय करायचं?"

अनुसयानं सदरा रिठ्याच्या पाण्यात टाकला आणि त्याला म्हणाली, चहा ठेवलाय, आत या. पुंडलिक आत आला. तिनं दुसरं काही विचारलं नाही, तेव्हा त्यानं चहात जास्तीची साखर घालून घेतली.